दुसऱ्याच्या दातांच्या खाचा

खानापूरकडच्या एका वरातीत दीड तास वाजवून झाल्यावर मी क्लॅरोनेटचा माऊथपीस तोंडातून काढला, तेव्हा त्याच्या रीडवर, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीवर, रक्त होतं. थोडंसंच. शेजारी ट्रम्पेट वाजवणाऱ्या मित्रानं ते बघितलं आणि न बोलता रुमाल पुढे केला. नवरदेवाची गाडी देवळापर्यंत पोचायला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास मी वाजवला, पण वरच्या सप्तकात सूर दोनदा फाटला. वरातीत फाटलेला सूर कुणाला ऐकू येत नाही, ताशा आणि ढोल सगळं झाकून टाकतात. मला मात्र तो रात्री घरी येईपर्यंत ऐकू येत राहिला.

माऊथपीस मास्तरांचा होता.

मास्तर म्हणजे आमच्या शहापुरातल्या बँडचे जुने क्लॅरोनेटवाले. बेळगावात 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. फौजी बँडातून निवृत्त झालेले वादक इथेच घर करून राहतात आणि त्यांच्या हाताखाली लग्नाच्या बँडातली पोरं तयार होतात. मास्तर अशाच एका निवृत्त वादकाकडे शिकले, आणि मी मास्तरांकडे. पुढे त्यांचे वरचे दात काढावे लागले. कवळी बसवली, पण कवळीवर माऊथपीस टेकवून रात्रभर वाजवणं जमेना. त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी मला वडगावच्या घरी बोलावलं, पूजेच्या पाटावरचा माऊथपीस उचलला, त्याच्यावरचं फूल बाजूला ठेवलं आणि तो माझ्या हातात दिला.

असा मिळालेला माऊथपीस ‘मला लागत नाही’ असं म्हणून परत कसा करायचा? मी सात वर्षं तो वाजवला. ओठ सोलला की हळद लावली, सूर फाटला की रियाज कमी पडला असं धरलं आणि अजून तासभर जास्त वाजवलं. त्या वरातीनंतर पहिल्यांदा मनात आलं की चूक रियाजाची नसेलही.

दिवसा मी उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये तपासणीचं काम करतो. हायड्रॉलिकचे सुटे भाग येतात, ते मोजायचे, मापात बसले तर पुढे पाठवायचे, नाही बसले तर लाल पट्टी लावून बाजूला ठेवायचे. रोज शंभर वस्तू मोजणाऱ्या माणसानं, जी वस्तू सात वर्षं तोंडात धरली ती एकदाही मोजलेली नव्हती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी माऊथपीस खिशातून काढून ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अगदी सपाट दगडावर, ठेवला.

ज्यांनी क्लॅरोनेट हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माऊथपीसच्या खालच्या अंगाला एक सपाट भाग असतो, त्याला टेबल म्हणतात. रीडचा जाड भाग त्याच्यावर बसतो आणि पट्ट्यानं आवळला जातो. टेबल पुढे जाऊन हळूहळू रीडपासून दूर वळतं. रीड सरळ राहते, माऊथपीस वळतो, आणि टोकाशी दोघांमध्ये एक बारीक फट उरते. तिला टिप ओपनिंग म्हणतात. वळण जिथे सुरू होतं तिथपासून टोकापर्यंतच्या लांबीला फेसिंग. रीड हवेनं थरथरते आणि ही फट सेकंदाला शेकडो वेळा मिटते, उघडते. सगळा सूर तिथे तयार होतो. पुढची दीड हात लाकडी नळी त्या थरथरीला पट्टीवर आणते, तेवढंच. लोक हजारो रुपये घालून क्लॅरोनेट बदलतात आणि माऊथपीस तोच ठेवतात, याचं मला आता फार वाईट वाटतं.

फट किती असते? शिकाऊ मुलांच्या हातात हमखास दिसणाऱ्या यामाहा 4सी माऊथपीसची सुमारे 1.05 मिलिमीटर. बँडवाल्यांत ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं त्या व्हँडोरेन बी45 ची जवळपास 1.2. म्हणजे एकाच्या आणि दुसऱ्याच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक पाडणारं अंतर आहे जेमतेम 0.15 मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. मशीनशॉपमधल्या माणसाला यात नवल वाटत नाही. बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही.

मी एक जाड काच घेतली, खाली मिलिमीटरचा आलेख कागद चिकटवला, माऊथपीसचं टेबल काचेवर टेकवलं आणि टोक शून्याच्या रेघेवर आणलं. मग 0.04 मिलिमीटरची फीलर पट्टी, म्हणजे फटी मोजायची पातळ पट्टी, टोकाच्या बाजूनं आत सरकवली. जिथे ती अडते तिथे फेसिंग संपलं. डाव्या कडेला पट्टी 20.5 मिलिमीटरवर अडली. उजव्या कडेला 18.5 वर. मी काच पुसली आणि पुन्हा मोजलं. तेच. टोकाची फट पट्ट्या एकावर एक ठेवून बघितली, 1.30 च्या आसपास भरली. टेबलही एका अंगाला किंचित वाकलेलं होतं.

टूलरूममधला माझा सहकारी कन्नड भाषक, हात अतिशय बारीक. त्यानं वाकून बघितलं. “अण्णा, दोन एमएम फरक? ह्याला तर लाल पट्टी लागली पाहिजे.” मग म्हणाला, “बाराशे नंबरचा एमरी पेपर काचेवर लावतो, लॅपिंग करून देतो, पाच मिनिटांत दोन्ही बाजू सारख्या.” त्याच्या हातून ते झालंही असतं. पण मी माऊथपीस उचलून घेतला. तो एबोनाइटचा होता, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. मूळचा काळा रंग उन्हानं आणि घामानं हिरवट तपकिरी झालेला, गरम पाण्याखाली धरला तर गंधकाचा वास येणारा. आणि त्याच्या वरच्या उतारावर, जिथे वरचे दात टेकतात, तिथे दोन खाचा होत्या. डावी खोल, उजवी उथळ. मास्तरांच्या पुढच्या दोन दातांच्या. ते दात आता मास्तरांच्या तोंडात नाहीत.

माझे दात त्या खाचांत सात वर्षं पडत होते. बाराव्या वर्षी सायकलवरून पडून माझा एक वरचा दात अर्धा तुटला, त्याच्यावर टोपी बसवलेली आहे आणि ती शेजारच्या दातापेक्षा थोडी आखूड आहे. मास्तरांच्या खाचांत माझे दात बसावेत म्हणून मी नकळत माऊथपीस तोंडात जरासा फिरवून धरत होतो. फिरवला की खालच्या ओठाचा दाब एका कडेला जास्त पडायचा, नेमका त्या बाजूला जिथे फेसिंग आखूड होतं. त्या बाजूची फट लवकर मिटायची, दुसरी उघडी राहायची आणि रीड किंचाळायची. ते निस्तरायला मी जबडा अजून आवळायचो. माझ्या खालच्या दातांपैकी एक वाकडा आणि धारदार आहे, तो मग ओठात घुसायचा. रक्त कुठून आलं त्याचा सगळा हिशोब त्या काचेवर मला लागला.

मास्तरांना हा माऊथपीस त्रास देत नव्हता, कारण त्यांचं तोंड तीस वर्षांत त्याच्याबरोबर बदलत गेलं होतं. कडा झिजत गेल्या तसा त्यांचा ओठ सरकत गेला. शिवाय त्यांची क्लॅरोनेट जुनी, तेरा चाव्यांची, चाव्यांच्या आल्बर्ट नावाच्या जुन्या रचनेची. तेरा चाव्यांची क्लॅरोनेट इव्हान म्युलर नावाच्या वादकानं 1812 मध्ये पॅरिसला पुढे आणली. युरोपात ती आता फारशी दिसत नाही, पण आपल्याकडच्या बँडवाल्यांनी तिला जीव लावून जपली आहे. माझी बोम पद्धतीची, म्हणजे आज सर्रास दिसणाऱ्या रचनेची, नळीचं पोट वेगळं. जुन्या माऊथपीसची आतली पोकळी मोठी असली की आखूड नळीचे सूर, म्हणजे जवळजवळ सगळी भोकं उघडी असताना निघणारे गळ्याचे सूर, जास्त उतरतात. लांब नळीचे सूर तितके उतरत नाहीत. आमच्या भजनी मंडळात पेटीबरोबर वाजवताना मधलेच दोन सूर कायम खाली का लागतात, हे कोडंही तिथे सुटलं.

आता दुसरा माऊथपीस शोधायचा होता. कोणता?

ज्याला विचारावं तो त्याचा सांगे. कॅम्पातल्या एका फौजी वादकानं सांगितलं, उघडा नको, फट कमीच घे, रीड कडक लाव, सूर हलणार नाही. सांगलीच्या एका बँड मास्तरांचं म्हणणं, मोठ्यात मोठी फट आणि मऊ रीड, नाहीतर मींड कशी ओढणार? दोघंही उत्तम वाजवतात आणि दोघंही स्वतःपुरते बरोबर आहेत. फौजी बँडात तीस माणसं एका सुरात वाजवतात, तिथे सूर दगडासारखा स्थिर लागतो. आमच्याकडे क्लॅरोनेटनं गायचं असतं. रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटींनी याच वाद्यावर ख्याल वाजवून दाखवला आहे. गंधारावरून पंचमावर सरकत जायचं तर बोट भोकावरून हळूहळू उचलावं लागतं आणि त्याच वेळी ओठ सैल सोडावा लागतो. फट अगदी बारीक आणि रीड ताठ असेल तर ओठ सैल केला तरी सूर फारसा हलत नाही. फट फार मोठी असेल तर तो हलतो, पण ठरल्या जागी थांबत नाही.

मी रजा टाकून रात्रीच्या बसनं मुंबईला गेलो. एका दुकानात काचेच्या कपाटात ओळीनं माऊथपीस मांडलेले होते. दुकानदार म्हणाला, फुंकून बघता येणार नाही, तोंडाची वस्तू आहे, नंबर सांगा आणि घेऊन जा. त्याचंही बरोबर असेल. पण चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो. महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा देऊन न फुंकलेली वस्तू घेणं मला पटेना. मी रिकाम्या हातानं परत आलो.

मग ओळखीच्यांकडून उसने आणायचं ठरवलं. भजनी मंडळात शिकणाऱ्या पोराकडून 4सी. कॅम्पातल्या त्या फौजी वादकाकडून बी45, जो त्यांनी स्वतः कधीतरी घेऊन पेटीत ठेवून दिला होता. म्हापशाचा एक मित्र चोर्ल्याच्या घाटानं महिन्यातून एकदा बेळगावला येतो, त्यानं व्हँडोरेनचा 5आरव्ही लायर आणला, फट 1.1 च्या अगदी जवळ. चौथा माझ्या क्लॅरोनेटबरोबर पेटीतून आलेला प्लास्टिकचा, जो मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला होता. पाचवा मास्तरांचा. प्रत्येक उसना माऊथपीस कोमट पाण्यात साबणानं धुतला. उकळतं पाणी एबोनाइटला चालत नाही, तो वाकतो आणि रंग उडतो.

तीन आठवडे मी रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ मागच्या खोलीत बसलो. ऑफिसातल्या तपासणीच्या वहीसारखी एक वही केली. पहिले चार दिवस फुकट गेले, कारण मी पाचही माऊथपीसला एकच रीड लावत होतो, तीन नंबरची. नियम म्हणून ते सरळ वाटतं, बाकी सगळं तेच ठेवा आणि एकच गोष्ट बदला, कारखान्यात आम्ही असंच करतो. पण रीड आणि माऊथपीस या दोन गोष्टी नाहीतच, नवराबायको आहेत. रीडचा नंबर म्हणजे जाडी नव्हे, ताठपणा. फट मोठी असेल तर ताठ रीडला मिटायला फार जोर लागतो, म्हणून रीड मऊ हवी. फट बारीक असेल तर मऊ रीड चिकटून बसते, म्हणून ताठ हवी. बी45 वर तीन नंबर लावून मी दहा मिनिटांत दमलो आणि वहीत ‘जड’ असं लिहिलं. दोष माझ्या जोडणीचा होता. पाचव्या दिवशी अडीचची लावली आणि तोच माऊथपीस मोकळा झाला, असा आवाज आला की शेजारच्या घरातलं पोर खिडकीत येऊन उभं राहिलं.

त्यानंतर प्रत्येक माऊथपीससाठी दोन, अडीच आणि तीनच्या रीड लावून बघितल्या. रीड पाण्यात मिनिटभर भिजवायची, टोक माऊथपीसच्या टोकाशी केसाइतकं मागे ठेवायचं, पट्टा फार आवळायचा नाही. मग माऊथपीसचं खालचं तोंड तळहातानं बंद करून हवा ओढून घ्यायची. रीड आणि कडा नीट जुळल्या असतील तर रीड क्षणभर चिकटून राहते आणि मग टप्पकन सुटते. मास्तरांच्या माऊथपीसवर ती एकदाही चिकटली नाही. सात वर्षं मी अर्धी हवा बाजूनं गळू देत वाजवत होतो.

वाजवायचं काय, हेही ठरवून घेतलं. आधी मंद्रातला सगळ्यात खालचा सूर, जितका हळू निघेल तितका हळू, श्वास संपेपर्यंत. तोंड आणि माऊथपीस यांचं जमतं की नाही ते इथेच कळतं, कारण जोरात कुठलाही माऊथपीस वाजतो. मग अंगठ्याची चावी. क्लॅरोनेटची गंमत अशी की ही चावी दाबली की सनईसारखा वरचा सा येत नाही. खालच्या सा वरून एकदम वरच्या सप्तकाचा पंचम येतो. ही उडी विनाआवाज, मध्ये ‘ग्वँक’ न होता लागली पाहिजे. मग गळ्याचे सूर पेटीवर जुळवून. माझी क्लॅरोनेट पेटीच्या काळी पाच पट्टीची, पेटी बायको धरायची. तिनं तीन आठवडे रोज वीस मिनिटं भाता मारला, पोळ्या लाटून झाल्यावर, एका शब्दानं कुरकुर न करता. मग जिभेचे फटकारे, लग्नाच्या चालींना लागतात तसे जलद. सगळ्यात शेवटी भूप, आणि भूपातली ग वरून प वर जाणारी मींड.

एका वेळी दोनच माऊथपीस. तिसरा घेतला की ओठ थकलेला असतो आणि थकलेला ओठ खोटं बोलतो. हे मला वहीमुळे कळलं, कारण जो शेवटी वाजवला त्याला रोज कमी गुण पडत होते, मग तो कुठलाही असो.

खोलीत चांगला वाटलेला बाहेर कसा वाटतो तेही बघायला हवं होतं. रविवारी पहाटे मी येळ्ळूरच्या रस्त्याला शेताच्या बांधावर उभा राहून वाजवलं आणि मोबाइल तीस पावलांवर एका दगडावर ठेवला. खोलीत भिंती आवाज परत देतात, म्हणून फसायला होतं. मोकळ्यावर 4सी चा सूर सरळ आणि सुंदर, पण तीस पावलांवर पातळ झालेला. बी45 चा आवाज लांब गेला, पण माझा श्वास लहान पडत होता, ओळीच्या शेवटी सूर उतरत होता. प्लास्टिकच्या माऊथपीसविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

5आरव्ही लायरवर अडीच नंबरची रीड लावली होती. वहीत त्या दिवशी मी गुण लिहिले नाहीत. फक्त लिहिलं, ‘भूप दोनदा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवायची इच्छा.’ जबडा दुखत नव्हता. मींड पंचमावर गेली आणि थांबली.

वाकड्या दाताचा उपाय म्हापशाच्या मित्रानं दिला. सिगारेटचा पातळ कागद घ्यायचा, चौपदरी घडी करून खालच्या दातांवर बसवायचा आणि त्याच्यावर ओठ घ्यायचा. निपाणी आमच्या हाताशी, तंबाखूचं गाव. तिथल्या पानपट्टीवर मी फक्त कागद मागितला तेव्हा त्या माणसानं मला दोनदा विचारलं, तंबाखू नको? वरच्या दातांसाठी माऊथपीसवर 0.8 मिलिमीटरचा रबरी पॅच चिकटवला. दात घसरायचे थांबले आणि कवटीत घुमणारा आवाजही कमी झाला. तो घुमणारा आवाज वादकाला एकट्याला ऐकू येतो आणि आपला सूर भरदार आहे असं उगाच वाटायला लावतो.

तरीही निर्णय माझा मला घ्यावासा वाटेना. एका शनिवारी संध्याकाळी पाच माऊथपीस कापडात गुंडाळून मी वडगावला गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, “मास्तर, काही माऊथपीस आणलेत, ऐकाल का?” त्यांनी कारण विचारलं नाही. खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. “वाजीव. नाव सांगू नको.”

4सी वर भूप संपला तसं म्हणाले, “सूर सरळ आहे. पण तू गाय नाही लागलायस, वाचाय लागलायस.” बी45 ला त्यांनी बराच वेळ मान हलवली, मग हात वर करून थांबवलं. “आवाज पुढं चाललाय, तू मागं राहिलायस. धाप लागलीय की तुला.” तिसरा मी त्यांचाच लावला. का लावला, मला सांगता येणार नाही. लपवायचं नव्हतं, एवढंच. मी मंद्राचा एक सूर धरला, आणि अर्ध्या श्वासात त्यांनी मागे न बघता हात पुढे केला.

“काढ तो. तो माझा आहे.”

मी काढला. ते अजून भिंतीकडेच बघत होते. “सात वर्षं ह्याच्यावर वाजीवलंस? मला वाटायचं, पोरगं दात का चावतंय. बोलला का नाहीस?”

मला उत्तर देता येईना. त्यांनी माऊथपीस हातात घेतला, अंगठ्यानं वरच्या उतारावरून चाचपला, डावी खाच, उजवी खाच. मग धोतराच्या सोग्यानं पुसून मांडीवर ठेवला. “माझं तोंड मी तुला दिलं रे. तुझं तोंड वेगळं. चूक माझी. पुढचा वाजीव.”

5आरव्ही लायर लावला. भूप झाला. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, मंद्रापासून परत. परत वाजवला. मग यमन वाजवायला सांगितला, मग एक जुनी लग्नातली चाल, मग पुन्हा मंद्रातला तो एक लांब सूर. आतून चहाचे कप आले ते गार झाले. शेवटी ते खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले. “ओठ दाखव,” म्हणाले. मी खालचा ओठ बाहेर ओढून दाखवला. कुठेही व्रण नव्हता. “हाच घे.”

मित्राचा माऊथपीस मित्राला परत गेला आणि मी पुण्यातून तोच नंबर नवा मागवला. एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्या मनात ती कधी आली नव्हती. नंबर एक असला तरी दोन माऊथपीस हुबेहूब नसतात. नवा आला तो हाताला तोच, तोंडाला थोडा घट्ट वाटला. काचेवर मोजला तर फेसिंग दोन्ही कडांना सारखं, पण मित्राच्या माऊथपीसपेक्षा अर्धा मिलिमीटर आखूड. घाबरलो. मग अडीचऐवजी सव्वादोनच्या ताकदीची, दुसऱ्या कापाची रीड लावून बघितली आणि आठवडाभर घाई केली नाही. आठव्या दिवशी तो सैल झाला, किंवा मी झालो. माऊथपीसच्या खालच्या टोकावरच्या बुचाचा घेर क्लॅरोनेटच्या सॉकेटला घट्ट होता, तो अगदी थोडा घासून ग्रीस लावली. बेळगावचा पाऊस सुरू झाला की बूच आणि रीड दोन्ही फुगतात, त्यामुळे मी जूनपर्यंत फार घासलं नाही. ते शहाणपण ठरलं.

गळ्याचे सूर पेटीला लागले. पूर्ण नाही, क्लॅरोनेटवर ते कधीच पूर्ण लागत नाहीत, पण उजव्या हाताची दोन बोटं खाली झाकून ठेवली की बसतात. भजनी मंडळातल्या बुवांनी पहिल्या एकादशीला मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुढचा अभंग धरला. बुवा सहसा मान वळवत नाहीत.

लग्नसराईत सतरा वराती झाल्या. चंदगडकडच्या एका वरातीत सव्वादोन तास सलग वाजवलं. रीडवर फक्त थुंकी होती.

परवा घरी माऊथपीस धुताना वरचा पॅच अंगठ्याला खडबडीत लागला. उजेडात धरला. दोन खाचा पडल्या होत्या, एक खोल, एक उथळ. माझ्या बाबतीत उजवी खोल आहे, डावीकडे टोपीचा दात. पॅच नखानं सोलून काढला, खालची जागा पुसून कोरडी केली आणि नवा चिकटवला.